निरंक लिहिलेला पाऊस

आमच्या पुंडलिकनगरच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून लांब, मोकळ्या जागी पर्जन्यमापक बसवलेला आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिथं लागलेला हा नाद निवृत्तीनंतरही सुटला नाही. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते गच्चीवर जाणार, साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतणार, डोळा पाण्याच्या रेषेत आणून आकडा वाचणार आणि वहीत उतरवणार. कोरडं असलं तरी जायचंच. मोबाइलवरचा अंदाज दाखवून मी त्यांना चिडवायचो. अंदाज चुकला की मला राग येतो. अण्णांना कधी आला नाही. उद्याचं सांगणाऱ्याला मागचं नीट माहीत पाहिजे, आणि ते लिहून ठेवणं आपलं काम, एवढंच ते म्हणायचे.

गेल्या वर्षी एका कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना या वह्यांबद्दल कळलं. शहराचा पाऊस कसा बदलतोय हे बघायला त्यांना अशा घरगुती नोंदी हव्या होत्या. अण्णा हरखले. वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सुट्टीच्या दिवशीही आकडेच बघायचे म्हणून आधी कुरकुरलो, मग गुंतलो.

सगळं भरून आलेख काढला, तर पाऊस पडलेल्या दिवसांची रेघ शेवटच्या सहा पावसाळ्यांत चांगलीच खाली आली होती. मी म्हणतच होतो, पाऊस बदलला, असं अण्णा म्हणाले. प्राध्यापकांना कधी एकदा दाखवतो असं त्यांना झालं.

मला मात्र एक तारीख खटकली. माझ्या मुलीच्या साखरपुड्याची. पडेगावच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी पावसानं पाहुण्यांचे हाल केले होते. तिकडं पडला आणि इकडं नाही, असंही होऊ शकतं. आमच्या शहरात एका चौकात धो धो आणि पुढच्या चौकात धूळ, हे नेहमीचंच. पण त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी फोन करून आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असल्याचं कळवलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. वहीत दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद होती, ‘निरंक’, म्हणजे पाऊस शून्य. आणि आम्ही सगळे तर कार्यालयातूनच चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. मग गच्चीवर जाऊन हे निरंक मोजलं कुणी?

विचारलं तर अण्णा आधी चिडले. मग म्हणाले, परत आलो तेव्हा चारही दिवसांचं पाणी एकत्र साठलेलं होतं, कोणत्या दिवसाचं किती हे कसं कळणार, म्हणून ओतून दिलं. पण रकाना मोकळा कसा सोडायचा? त्यांच्या ऑफिसात मोकळा रकाना म्हणजे साहेबांचा मेमो ठरलेला. कळवण्यासारखं काही नसलं की निरंक लिहून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मला संताप आला. आमच्याकडे न मोजता आकडा भरणाऱ्याची नोकरी जाते. मी तसं बोललो, आणि जरा जास्तच बोललो. न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस तुम्ही एकच करून टाकलात. असे निरंक किती ते सांगा, नाहीतर वह्या देऊ नका, म्हणालो.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वह्या आणि लाल पेन घेऊन समोर येऊन बसले. नातेवाइकांची लग्नं, गावच्या शेताची मोजणी, स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकेक आठवत त्यांनी निरंक खोडलं, ‘नोंद घेतली नाही’ असं लिहिलं आणि दर खाडाखोडीपाशी बारीक सही केली. सगळ्या खाडाखोडी शेवटच्या सहा पावसाळ्यांतल्या होत्या. गावी तर ते त्याआधीही जायचेच. तेव्हा कोण मोजायचं, असं मी विचारलं.

“तुझी आई. मी आलो की कागदावर आकडे तयार असायचे. मी नुसतं वहीत उतरवायचो.”

“तुम्ही सांगून जायचात तिला?”

“नाय रे. कधीच नाय सांगितलं.”

आई जाऊन सहा वर्षं झाली. पावसाळ्यात गावी निघालो की ती मागे राहायची. घर कोण बघणार, म्हणायची. तिला गावच्या माणसांची ओढ नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर तिला त्यावरून टोमणेही मारलेत. ते सगळं आठवून मला अण्णांसमोरच रडू आलं.

खोडलेले दिवस वगळून पुन्हा आलेख काढला, तर रेघ पहिल्याइतकी घसरत नव्हती. पाऊस किती बदलला हे आता प्राध्यापकांनी ठरवायचं होतं. वह्या चाळून झाल्यावर त्यांचा फोन आला. इतकी वर्षं एकही दिवस चुकला नाही, मग खाडे फक्त शेवटच्या सहा वर्षांतच कसे, असं त्यांनी विचारलं. मी काही सांगायच्या आत अण्णांनी फोन माझ्या हातून घेतला.

“आधी मोजायला आम्ही दोघं होतो, सर,” ते म्हणाले. “आता मी एकटाच आहे.”