कपाटामागची भिंत

पडदेवालीने आपला गाळा विकून ते पैसे उस्तादच्या भागीदारीत घातले, तेव्हा तिला वेड्यात काढायला सगळे नातेवाईक हजर होते. तिने कुणालाही भीक घातली नाही. उस्ताद जुनाट घरं स्वस्तात घ्यायचा आणि चकाचक करून विकायचा. त्याच्या घरांचे पडदे तीच शिवत आली होती. आयुष्यभर काय दुसऱ्याच्या खिडक्याच मापायच्या? उस्ताद म्हणाला होता, "माझ्या हाताखाली एक घर कर. नफा अर्धा-अर्धा, शिक्षण फुकट."

शिक्षण म्हणजे काय, ते लवकरच कळलं. जुना रंग खरवडायचा तिने, राडारोडा उपसायचा तिने आणि उस्ताद खुर्चीत बसून विचारणार, "शिकतेयस ना?" तेही तिने गिळलं. घर विकलं की गाळ्याहून मोठं दुकान घ्यायचं, या एका आशेवर ती राबत राहिली.

मग मागच्या खोलीची भिंत ओली निघाली. पलीकडे न्हाणीघर, आतला पाइप गळका. बोट लावलं की प्लास्टर खाली.

"भिंत फोडून पाइप बदलावा लागेल," ती म्हणाली.

उस्ताद हसला. "भिंत फोडायला पैसे लागतात, बाई. कपाट लावायला नुसती अक्कल." त्याने सुताराकडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत कपाट ठोकून घेतलं. मागे डांबरी कागद, पुढे पांढराशुभ्र रंग. "ही युक्ती मी पहिल्यांदा शाळेमागच्या गल्लीत केली. कोपऱ्यावरची इमारत, तिसरा मजला. आजतागायत कुणी हूं की चूं केलं नाही."

शाळेमागची गल्ली, कोपऱ्यावरची इमारत, तिसरा मजला. तिथे पडदेवाली राहत होती, आईबरोबर. दलालामार्फत घर घेताना आधीचा मालक कोण, हे तिने विचारलंही नव्हतं.

आईच्या खोलीत अस्संच कपाट होतं आणि त्यातल्या कपड्यांना कायम बुरशीचा वास. "किती वेळा सांगू, ओले कपडे आत कोंबू नकोस म्हणून!" पडदेवाली आईवर खेकसायची, अगदी पाहुण्यांदेखत. "अगं, वाळवूनच ठेवते," आई म्हणायची. मग बिचारी वाळलेल्या कपड्यांवर पुन्हा इस्त्री फिरवायची, रुमालसुद्धा सोडायची नाही. खोकत खोकत.

त्या संध्याकाळी आई शेजारी गेल्यावर पडदेवालीने ते कपाट रिकामं केलं आणि मागची फळी उचकटली. डांबरी कागद लिबलिबीत झालेला. त्यामागची भिंत काळीठिक्कर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी विकायच्या घरी गिऱ्हाईक आलं, एक नवराबायको. उस्ताद तोंडात साखर घोळवत त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. "आणि हे कपाट तर बघाच."

"बघाच!" पडदेवाली म्हणाली. तिने कपाटाचं दार उघडलं, पहारीचं टोक आतल्या फळीत घातलं आणि सगळं वजन टाकलं. फळी कडाडून सुटली. ओल्या भिंतीचा भपकारा खोलीभर झाला.

"डोकं फिरलं का तुझं?" उस्ताद किंचाळला. "तुझा गाळा आहे यात! भिकेला लागशील!"

"लागेन! पण आधी सांगा, माझ्या आईने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

उस्तादला काही कळेना. तिने त्याला शाळेमागच्या गल्लीतलं आपलं घर सांगितलं, तिसरा मजला सांगितला. तोवर नवराबायको जिना उतरून गेली होती. उस्तादने खांदे उडवले. "व्यवहार होता तो. तुला कुठे ओळखत होतो मी?"

तिने पहार त्याच्या पायांशी आदळली आणि तरातरा घरी आली. सगळा रस्ता ती त्याला शिव्या घालत होती. ती थेट आईच्या खोलीत शिरली.

कपाटातले कपडे पलंगावर रचलेले होते. आई इस्त्री करत होती.

"आई, कपडे ओले नव्हते गं."

"इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते?" आई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

पडदेवालीने इस्त्री घ्यायला हात पुढे केला. आईने ती दिली नाही.