दिलदार शिकलगाराची तिसरी परीक्षा

शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. दिलदार शिकलगाराचा बाप तलवारींना धार लावायचा. तलवारींचे दिवस सरले, बाप विळ्या-कात्र्यांवर आला आणि पोराला म्हणाला, "बाबा, तू लेखणी धर." दिलदारनं धरली. कोल्हापुरात खजिन्याच्या एका कचेरीत (कुठल्या ते विचारू नका) तो नऊ रुपयांवर चिकटला. कायम व्हायचं तर हिशेबाची परीक्षा द्यायची. संधी तीनच. दोनदा गडी आपटला होता. आता आपटला की घरी.

शिकवायला वरिष्ठ कारकून गणपतराव पुढं आले. "मी हाय की! भितोस कशाला?" एक पै घेतली नाही. असं फुकटात गोड बोलणारं माणूस दिसलं की मी तरी चार हात लांब राहतो. दिलदारला ते कुठलं सुचायला!

शिकवणं मात्र खणखणीत, बरं का. बेरीज वरून केली की खालून वर करून बघायची. पान उलटताना मागची रक्कम पुढं नीट आली का, तिथं बोट ठेवायचं. सरावाला त्यांनी आपल्याच हातची चार सालांमागची किर्द दिली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. त्या साली दिलदार त्याच कचेरीत बिनपगारी उमेदवारी करत होता.

आठव्या दिवशी सकाळी तो उड्या मारतच आला. "गणपतराव, घावलं! दर म्हैन्याला पान उलटताना सात रुपयं गळत्यात. मला पारखायला तुम्हीच घातलीसा न्हवं ही चूक?"

अरे खुळ्या! तुझ्या परीक्षेसाठी चार वर्षं आधी वहीत चूक कोण घालून ठेवेल? पण गुरूवर संशय घ्यायचा हे त्याच्या मनातही आलं नाही.

गणपतराव पान चघळत होते, ते थांबले. मग हसले. "व्हय, मीच. कुणाला बोलला न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"बोलू बी नगंस."

चार दिवसांनी ते कोरी वही घेऊन आले. "परीक्षेत अक्षराला गुण असत्यात. जुन्या वहीला वाळवी लागलीया. शब्दाला शब्द, आकड्याला आकडा उतरून काढ. वर 'नक्कल' लिहू नगंस, ते मी सायबांच्या सहीनं लिहितो."

दिलदार घरी बसून उतरायला लागला. त्याची बायको हाफिजा बघत होती. "चूक कळलीया, तर दुरुस्त का करत न्हाईसा?"

"नक्कल करताना आपलं शहाणपण घालायचं नसतंय."

काम संपलं तशी गणपतरावांनी जुनी वही मागून नेली. हाफिजा दारात आडवी उभी राहिली. "मला ह्यो माणूस बरा दिसत न्हाई. नवी वही दिऊ नगासा, तुमच्या पाया पडते."

"माझी भाकरी त्येच्या हातात हाय!" दिलदार खेकसला आणि वही देऊन आला.

परीक्षेचे दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी तोंडी होती. समोर तिघं साहेब बसलेले, दाराशी दोन शिपाई. शिपाई कशाला, असं त्याला वाटून गेलं. मधल्या साहेबांनी एक किर्द पुढं सरकवली. "ह्यात काही चूक दिसते का?"

दिलदारनं वही ओळखली आणि त्याची छाती फुगली. झरझर खालून वर बेरीज केली, पानावर बोट ठेवलं. "हितं, सायेब. म्हैन्याला सात, सालाचं चौऱ्याऐंशी रुपयं."

"नक्की?"

"नक्की, सायेब."

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझंच की, सायेब."

साहेबांनी ते लिहून घेतलं. शिपाई आत आले. तेव्हा कुठं दिलदार ओरडला. "सायेब, ही नक्कल हाय! गणपतरावांना इचारा, त्येंनीच शिकवलंय मला!"

"तुझ्यावर अफरातफरीचा अर्ज त्यांनीच केलाय," साहेब म्हणाले.

महिन्यानं निकाल लागला. दिलदार पहिला आला होता. हे सांगायला हाफिजा धावत तुरुंगावर गेली. पहारेकरी म्हणाला, "भेट आयतवारी, बाई. आज न्हाई."