चौदा तासांचा अंधार

वन्सं,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणारी मीच, हे दोघींनाही ठाऊक आहे. म्हणजे नको ती ओळ गाळायची सोय माझ्याच हातात. तरी गाळणार नाही. समोर बसून बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता आणि मी आवाज चढवते, म्हणून आधी कागदावर.

इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात, डार्करूममध्ये, तुम्ही चौतीस वर्षं काढलीत. चार पावलांची खोली, दोन टाक्या, धुतलेल्या प्लेटा वाळत घालायची तार आणि भिंतीवर एक लाल दिवा. बाहेरून कुणी दार ढकललं की आतून तुमचा आवाज, "थांबा! कुणाचं तरी फुप्फुस पुसलं जाईल!" त्या नोकरीनं तुम्हाला एक सवय जडली. बंद दार दिसलं की टकटक केल्याशिवाय उघडायचं नाही. अगदी माझ्या स्वयंपाकघरातलं कपाटसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा मी तुमच्या भावाला विचारलं होतं, "वन्सं कपाटात कुणाला हाक मारतात?" तो म्हणाला, "आतून उत्तर आलं की मला सांग."

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं तुम्हाला एक झाड दिलं. वीतभर उंची, जाड रसरशीत पानं, वर बारीक लाल फुलांचे झुबके. कुंडीला चिठ्ठी होती, कलांचो. तुम्ही झाडाचं नाव बुटकी ठेवलंत. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, तुम्ही मॅट्रिक. साहजिकच बुटकीचा ताबा मी घेतला. रोज पाणी घातलं. महिन्याभरात देठ कुजून काळा पडला.

"वहिनी, कॉलेजात पाणी घालायचं थांबवायला शिकवत नव्हते का गं?" एवढंच तुम्ही म्हणालात. मग वरचा हिरवा तुकडा कापलात आणि चार दिवस तसाच कागदावर ठेवलात.

"लावा की आता मातीत," मी म्हणाले.

"जखम सुकू दे आधी. ओल्या जखमेला माती लागली तर चिघळेल."

अर्धी माती, अर्धी वाळू घालून लावलात. पुढे पाण्याचा नियमही तुमचाच. पान चिमटीत धरायचं. कडक लागलं तर मुकाट्यानं परत फिरायचं, मऊ पडलं असेल तरच पाणी.

झाड वाढलं, पण फूल येईना. दोन वर्षं. मी खत सुचवलं, ऊन सुचवलं, वैतागून नवं झाड आणायचंही सुचवलं. एक दिवस तुम्ही वर ट्यूबलाइटकडे बघितलंत. "हिला झोप कुठे मिळते? अकरापर्यंत तुमचे दिवे. हिला अंधार हवा."

दिवस लहान झाले की फुलणाऱ्या झाडांवर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. आपल्या खिडकीतल्या कुंडीशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्लेटांचं एक जुनं पुठ्ठ्याचं खोकं तुम्ही शोधून काढलंत. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं. चौदा तास, सहा आठवडे, एकही दिवस खाडा नाही. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काचबिंदू पुढे सरकलाय, नजर जेमतेम वर्षभर. तुम्ही रडला नाहीत. जिना उतरताना म्हणालात, "मग या थंडीत बुटकी फुलायला हवी. तो लाल मला एकदा बघून ठेवायचाय."

आता ती ओळ.

मी खोकं उचलत होते, वन्सं. रोज. जेवणं झाली, तुम्ही आडव्या झालात की दिवा लावायचा, खोकं वर करायचं, कळी आली का बघायचं. कधी भांडी आवरेपर्यंत तसंच उघडं. टकटक न करता. घाई हा माझा जन्माचा रोग. पातेल्यात काही शिजत असलं तर झाकण चारदा काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहा आठवडे गेले, आठ गेले. कळी नाही. तुम्ही म्हणालात, "माझंच वेळेचं चुकलं असणार. घड्याळातले काटे नीट दिसत नाहीत हल्ली." आणि मी, जिच्या तोंडाला सगळं घर टरकून असतं, ती गप्प बसले.

पुढच्या थंडीपर्यंत तुमची नजर गेली. त्या वर्षी खोकं मी झाकलं आणि सहा वाजल्यानंतर त्या खिडकीकडे फिरकलेच नाही. बुटकी फुलली, इतकी की पानं दिसेनात. तुम्ही झुबका बोटांनी चाचपलात, कडेकडेनं, ओल्या प्लेटेला हात लावावा तसा.

"लालच ना?"

"लालच."

"कसला लाल? माझ्या दिव्यासारखा?"

"तुमचा दिवा मी कधी बघितला? दार उघडू दिलंत का कुणाला?"

तुम्ही हसलात. "मग जाऊन ये एकदा. आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर चालतं म्हणे, पण दिवा अडगळीत असेल. एक झुबका खुडून ने नि शेजारी धरून बघ. खोलीतला साधा दिवाही चालू ठेव हं. नुसत्या लाल उजेडात लाल फूल पांढरट दिसतं, मग तू येऊन मला भलतंच सांगशील."

मी म्हटलं, उद्या जाते. मग गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा इतका काही दुखत नव्हता. तुमचं बघणं मी हिरावलं होतं, आणि आता तोच लाल तुमच्या वतीनं बघून यायला मलाच धाडत होतात, पाय निघेना. फुलं दोन महिने टिकली. तुम्ही रोज विचारत होतात, "गेली होतीस का गं?" मग विचारायचं सोडलंत.

यंदाही बुटकी फुललीय. इस्पितळ आपल्या दारापासून बसनं दोन थांबे. मी अजून गेलेले नाही.