आईनं घासलेला क्रॉस

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टर उडवणाऱ्यांपैकी आहे. होस्टेलवर चादर पांघरून ज्युनिअर्सना घाबरवायचं खातं माझ्याकडेच होतं. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी तक्रार नाही... तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

२००६ चा ऑक्टोबर. नॉटिंगहॅममधलं आमचं छोटं घर. घरात मी, माझी डॉक्टर बायको मुग्धा आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली माझी आई. मी सॉफ्टवेअरमध्ये. पण खरा जीव कशात, तर पहिल्या महायुद्धातली जर्मन पदकं आणि त्यांच्यासोबतची प्रमाणपत्रं जमवण्यात. ज्ञान बेताचं, ऐट मात्र म्युझियमच्या क्युरेटरची.

"अरे, तुला जर्मन येत नाही, इतिहासात काठावर पास," मुग्धा म्हणायची, "कशाला हवं हे परक्यांचं भंगार?"

"रिसर्च आहे तो," मी म्हणायचो.

एका रविवारी चर्चच्या हॉलमधल्या जुन्या वस्तूंच्या फेअरमध्ये मला क्रॉसच्या आकाराचं एक छोटं पदक मिळालं. काळंकुट्ट. सोबत चार घड्यांचं प्रमाणपत्र, जुन्या गिचमिड जर्मन टाइपातलं. विकणारे आजोबा पुडी बांधताना म्हणाले, "डोन्ट क्लीन इट, डक." तिकडे सगळ्यांनाच लाडानं डक म्हणतात. मी असा काही हसलो, जणू हा नियम मीच काढलाय.

त्याच आठवड्यात दिवाळी. आई किचनमध्ये पेपर पसरून, चिंचेचा कोळ घेऊन देवाची भांडी घासत बसली होती. ताम्हण, निरांजनं, समई... सगळं लखलखत होतं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. ह्याच आकाराचे दोन क्रॉस माझ्याकडे होते, दोन्ही ब्राँझचे. म्हणजे ह्या काळ्याच्या आतही ब्राँझच असणार!

"आई, हेही घास गं जरा."

तिनं तो उलटसुलट बघितला. "कोणाच्या घरचं रे हे? किती वर्षं हात लागला नाहीये ह्याला!"

चिंच, मीठ, शेवटी तारेची घासणी. अर्ध्या तासानं काळं सगळं निघालं. खाली राखाडी लोखंड.

"हे काही चकाकायचं नाही," आई हिरमुसून म्हणाली. मी तो खिडकीत ठेवला आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्किंग फ्रॉम होम. अकराच्या सुमाराला बघतो तर आई हॉलवेमध्ये, डायनिंगची खुर्ची दाराकडे वळवून बसलेली. हात मांडीवर, नजर दारातल्या पत्राच्या फटीवर.

"काय गं?"

"पोस्टमन यायचाय."

फट वाजली, पिझ्झाची पत्रकं पडली. तिनं एकेक उचललं, उलटं करून बघितलं, ठेवलं. पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चेष्टेत तिच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"एवढी कोणाची वाट बघतेस?"

"मुलाची."

"अगं, मी इथे उभा आहे की!"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बँकेतल्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं. मग अगदी अदबीनं म्हणाली, "तुम्ही बसा ना. तो आला की सांगते, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

तुम्ही! जन्मात मला माझी आई तुम्ही म्हणाली नव्हती.

"ह्या वयात साध्या इन्फेक्शननंही असं होतं," मुग्धा म्हणाली आणि भराभर टेस्ट्स केल्या. सगळ्या क्लिअर. आई मुग्धाला ओळखायची, पुण्याचे फोन नंबर तोंडपाठ सांगायची. तिच्या जगातून नाहीसा झालो होतो तो फक्त मी. तिचं जेवण सुटलं. पाचव्या दिवशी चेहरा पार उतरला होता.

"एमिलचं पत्र आज पण नाही," ती पुटपुटली.

"कोण एमिल?"

"असं काय विचारता? माझा मुलगा."

त्या संध्याकाळी मी ते केलं, जे शहाण्या माणसानं विकत घेण्याआधी केलं असतं. डिक्शनरी घेऊन ते प्रमाणपत्र वाचलं. आन्ना नावाच्या एका बाईला दिलेलं. मुलाचं नाव कुठेच नाही. संग्राहकांच्या फोरमवर विचारलं, तासाभरात एकाचं उत्तर आलं. ब्राँझचा क्रॉस परतलेल्या सैनिकांना. काळा लाखेचा, ज्यांचा मुलगा किंवा नवरा परतला नाही त्यांना. "तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे, सुतक आहे. तू तो साफ केला नाहीयेस ना?"

मुलगा गेल्याची बातमीच मी त्या आन्नाकडून काढून घेतली होती. तीही माझ्या आईच्या हातून. आणि ती बाई पुन्हा, आता माझ्या दारात, वाट बघत बसली होती...

सकाळी विमानांची मॉडेलं विकणाऱ्या दुकानातून काळ्या इनॅमलची बुटकी डबी आणली. घाईघाईनं क्रॉसला रंग फासला, अर्धा टेबलावर. अकरा वाजले, आई खुर्चीत. ओला क्रॉस मी तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं त्याच्यावर बोटं फिरवली. मग जी रडली... बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. नाइट ड्युटी करून झोपलेली मुग्धा जिन्यावरून धावत आली. मी आईचे पाय धरून खाली बसलो होतो.

शेवटी काळ्या बोटांनी डोळे पुसत आईनं वर बघितलं. "अरे, ऑफिसला नाही गेलास? आणि खाली काय बसलायस, गार आहे फरशी!"

तिला काहीच आठवत नव्हतं. "मी कशाला बसू दारात, एवढ्या थंडीत?" म्हणून उलट मलाच दटावलं.

पुढे वसंतात, प्रमाणपत्रावरच्या त्या खेड्यातल्या चर्चनं माझ्या पत्राला उत्तर पाठवलं. सोबत, युद्धात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या स्मारकशिळेचा फोटो. आन्नाच्या आडनावाचं एकच नाव त्यावर होतं. एमिल.

मुग्धाचं म्हणणं, आईनं ते नाव टीव्हीवर ऐकलं असेल. असेलही. माझ्याकडे ह्याहून बरं स्पष्टीकरण नाही, आणि हेही मला पटत नाही.

आई आता पुण्यात, ठणठणीत. दर रविवारी मी फोन करतो. "आई, मी बोलतोय." आणि तिचं "बोल रे" येईपर्यंत मध्ये एक सेकंद जातो. लाइनचा डिले आहे, मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला सगळं कळतं. पण त्या एका सेकंदात दर वेळी मी फोन कानाशी दाबून धरतो... ती तुम्ही म्हणेल का.