सोनूला खाली ठेवा!

वर्षाच्या आतलं लेकरू स्वतः एक शब्द बोलत नाही, पण त्याच्यामुळं आजूबाजूची माणसं किती बोलतात म्हणता! मी आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीकडच्या एका गावात अंगणवाडी टीचर आहे. महिन्यातून एकदा आमच्याकडं लेकरांची वजनं होतात. लेकरू येतं हातभर, अन् त्याच्यासोबत आई, आजी, आत्या, शेजारीण असा फुल स्टाफ! आमची आया सगुणाबाई त्या दिवशी सकाळीच म्हणते, "टीचर, आज आपल्याले चहा दोनदा लागन." एक किस्सा घरी जाऊन नवऱ्याला सांगावा, तोवर दुसरा दारात उभा असतो.

त्यातले बरेचसे दोन घरांचे आहेत. भिंतीला भिंत लागून घरं, अन् लेकरंही पाठोपाठ झालेली. कमळाबाईंना नात झाली, परी. गिरजाबाईंना नातू झाला, सोनू. दोन्ही आज्यांचं एकमेकींवाचून पान हलत नाही, अन् एकमेकींशी पटत तर अजिबात नाही!

*

कमळाबाईंना एकच ध्यास, परी सोनूपेक्षा जड भरली पाहिजे. पहिल्यांदा परीला काट्यावर ठेवलं तर आकडा भलताच वर गेला. मला वाटलं, मशीन बिघडली. नीट बघते तर कमळाबाईंचा हात परीच्या पोटावर!

"आजी, हात काढा."

"भिऊन राह्यली ना वो ते!"

"भीत नाही, हसते आहे. काढा बरं."

हात काढला. आकडा झटकन खाली आला. कमळाबाईंनी आकड्याकडं पाहिलं, परीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पाह्यलं टीचर? तुमच्या काट्याचीच नजर लागली लेकराले!"

*

गिरजाबाईंचं सगळं उलटं. त्याला कारणही होतं. सोनूच्या आधी त्यांच्या सुनेला, उज्ज्वलाला, एक मुलगा झाला होता. तो महिनाभरही राहिला नाही. एवढ्याशा लेकराला आमच्याकडं पुरतात. घरच्यांनी शेताच्या कडेला पुरला. बाया अशा वेळी जात नाहीत, पण गिरजाबाई हट्टानं गेल्या होत्या. त्यानंतर सोनू झाला, तोही जन्मतः लहानखुरा. मग आजीनं त्याला जे उचललं, ते उचललंच!

सोनूचं वजन मोठ्यानं सांगायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. मी कानात सांगायचे. वजन छान वाढत होतं. ते ऐकून गिरजाबाई मनातल्या मनात खूश व्हायच्या, अन् बाहेर जाऊन रडका चेहरा करून सगळ्यांना सांगायच्या, "काई नाई वो. वाळून चाल्लं लेकरू."

बायांना कळवळा आला. कुणी केळी पाठवायला लागलं, कुणी तूप. एकदा मी घरी भेट द्यायला गेले, तर गिरजाबाई ओट्यावर बसून केळं खात होत्या. सोनू मांडीवर मजेत.

"आजी, ही केळी सोनूसाठी आली होती ना?"

"त्याले कुठी दात हायेत? मले हायेत!"

*

लेकरू पहिल्यांदा पालथं पडलं की आमच्या गल्लीत घुगऱ्या वाटतात. परी पालथी पडली त्या दिवशी तिचा बाप गजानन नेमका गावात नव्हता. तो ट्रक चालवतो, त्या आठवड्यात नागपूरकडं होता. परीच्या आईनं फोन लावायला घेतला, तर कमळाबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"सांगू नको. पोरगा माहा तिकडं ट्रकात बसून हळहळन. त्याले वाटू दे का त्याच्याच समोर पडली."

घुगऱ्या वाटून झाल्या, अन् घुगऱ्यांसोबत ताकीदही वाटून झाली. गजानन घरी आला, परीला गोधडीवर टाकलं. पोरगी तोवर एक्स्पर्ट झालेली! लगेच उलटली. गजानन ओरडतच गल्लीत आला, "पडली! परी पालथी पडली! पयल्यांदाच, अन् माह्यासमोर!"

"हौ का? अरे वा रे वा!" सगळ्या गल्लीनं काय ॲक्टिंग केली! बिचाऱ्यानं आनंदानं पुन्हा घुगऱ्या शिजवायला लावल्या अन् स्वतः दारोदार नेऊन दिल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी गिरजाबाईंच्या दारात आला. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले.

"मागच्या बारीले मीठ बराबर होतं!"

*

दाताचा किस्सा तर ऐकाच. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असं आमच्याकडं मानतात. परीच्या हिरड्या सुजल्या अन् कमळाबाईंनी जैनथला तिच्या मामाला फोन केला, "दात येऊन राह्यले. वरचे का खालचे, ते काई समजून नाई राह्यलं."

मामा शिकलेला, शर्टाच्या खिशाला पेन लावणारा. "मी हे काही मानत नाही," असं फोनवर म्हणाला, अन् थोड्याच वेळात बाइकवर हजर! हेल्मेटही काढलं नाही. परी तेव्हा अंगणवाडीतच होती. मामानं तिथंच तिच्या तोंडात बोट घातलं. परीनं कचकन तोंड मिटलं. मामा असा ओरडला की दोन लेकरं दचकून रडायला लागली.

सगुणाबाईनं हातातलं काम न सोडता विचारलं, "काय मंग, मामाजी? वरचे का खालचे?"

*

सोनूचं जावळ काढायला घरचे सगळे तिरुपतीला गेले. आधीचं लेकरू गेलं तेव्हापासूनचा नवस होता. सोनूचा बाप संजय, त्यानंही नवस बोललेला. दोघांचीही डोकी गुळगुळीत झाली. संजयनं जोशात येऊन मिशीही देऊन टाकली!

संजय अंघोळ करून आला अन् हात पसरले, "ये रे सोनू!" सोनूनं त्याच्याकडं एकटक पाहिलं. ओठ थरथरले. अन् मग जो काही टाहो फोडला! रांगेतल्या अनोळखी बायांच्या कडेवर तो हसत गेला, पण बाप जवळ आला की किंकाळी. परतीच्या पूर्ण रस्त्यात संजय लेकरापासून लांब, दुसऱ्या डब्यात बसून आला.

उज्ज्वलानं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे चांगलंच आहे. आपला कोण, परका कोण, हे त्याला समजायला लागलं. डोकं एकदम चांगलं चालतं त्याचं."

"ते तर हाये टीचर. पन खरं सांगू का? मलेबी घडीभर परकाच वाटला तो!"

*

इथवर सगळं हसण्यावारी. मग परी रांगायला लागली. एक दिवस रांगत रांगत उंबरठा ओलांडून गिरजाबाईंच्या घरात शिरली, सोनूच्या पाळण्याला धरून उभी राहिली, अन् गदागदा पाळणा हलवला. पाळणा रिकामाच होता. सोनू आजीच्या मांडीवर बसून तिच्याकडं बघत होता. त्याला अजून आधाराशिवाय बसताही येत नव्हतं. सोडलं की एका बाजूला कलंडायचा.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला एकटीच आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"टीचर, खोटं नका सांगजा. माह्या लेकराच्या पायात जीव हाय ना?"

मी म्हटलं, "आहे गं. काही लेकरं उशिरा शिकतात." म्हटलं खरं, पण माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. एक गेलेलं, अन् आता दुसऱ्याचं हे! मी तिला म्हटलं, आपण आदिलाबादला डॉक्टरला दाखवू, मी येते सोबत.

गिरजाबाई म्हणाल्या, "मीबी येतो. पोट्टा माह्याच कडेवर येईन."

*

डॉक्टर मॅडम तेलुगू बोलणाऱ्या, गिरजाबाई मराठी. मधे मी. मॅडमनी सोनूला टेबलावर निजवलं, गुडघे वाकवले, तळव्यांना बोट लावलं. सोनूनं अशी लाथ घातली की मॅडमचा चष्मा वाकडा झाला! उज्ज्वला घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणायला लागली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, पायात काही दोष नाही. पाठही चांगली आहे. घरी खाली ठेवता तेव्हा काय करतो?

मी विचारलं. गिरजाबाईंनी मान ताठ केली.

"खाली? एक दिवसबी नाई! सकाळी मी, दुपारी माई सून, संध्याकाळी त्याचा बाप. आजपावतर जमिनीले आंग लागू नाई देल्लं!"

मी अर्धंच भाषांतर केलं अन् थांबले. मांडीवरची लेकरं बघायची आम्हाला इतकी सवय की हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग हा शिकणार कुठं? हवेत?"

औषध काहीच नाही, फक्त रोज खाली ठेवायचं अन् थोड्या दिवसांनी पुन्हा दाखवायचं. गिरजाबाई भडकल्या. "एवढ्या दूर आनलं अन् गोयी नाई, सुई नाई? मंग डॉक्टर कायची?"

मॅडमना मराठी येत नाही असं मी समजत होते. त्या एकदम म्हणाल्या, "सुई आहे ना. नातवाला नको. आजीला देऊ?"

गिरजाबाई सोनूला घेऊन ज्या निघाल्या, त्या थेट बस स्टँडवरच थांबल्या!

बसमध्ये उज्ज्वला आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तिला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं कंडक्टरला सांगितलं, "भैया, मेरे लडके के पैर अच्छे है!"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "तो अगली बार चलके आना!"

*

पण गिरजाबाई ऐकतात थोडंच? गावात उतरल्यावर उज्ज्वला हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीन म्हने, खाली ठेवा."

गिरजाबाई सोनूला छातीशी धरून चालतच राहिल्या. मग मागं न बघता म्हणाल्या, "एकदा ठेवलं होतं मी, माह्या हातानं. शेतातल्या मातीत. आता नाई ठेवत."

उज्ज्वलानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

*

मग उज्ज्वलानं घुगऱ्यांच्या वेळचा गल्लीचाच धडा गिरवला. सासूबाई शेतात गेल्या की ती सोनूला गोधडीवर सोडायची. आधी तो बोंबलला. मग हात टेकून बसला. मग पुढं मागं डुलायला लागला. गिरजाबाई यायच्या वेळेला परी अन् तिची आई दारात पहारा द्यायच्या. फाटक वाजलं की सोनू उचलून मांडीवर! संजयला माहीत, कमळाबाईंना माहीत, पूर्ण गल्लीला माहीत. एकट्या गिरजाबाईंना माहीत नाही.

संजय एकदा काळजीनं म्हणाला, "टीचर, हे पोट्टं लपवाछपवी करनारं तर नाई ना निंगनार?"

मी म्हटलं, "तुमच्या घरातलं आहे, निघणारच!"

*

मग पुढच्या वजनाचा दिवस आला. मी वऱ्हांड्यात मोठी सतरंजी अंथरली होती. सगळी लेकरं खाली, सोनू सोडून. गिरजाबाई लेकराला न्हाऊ घालायला बसतात तशा पाय लांब करून बसल्या, अन् नडग्यांवर सोनू. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हे काय, मी जमिनीवरच हावो ना!"

तेवढ्यात कमळाबाईंनी परीचं वजन मोठ्यानं सांगितलं. गिरजाबाई तिकडं वळल्या. "हात ठेवला असन तुनं!" अन् दोघींची सुरू झाली.

सोनूनं संधी बघितली. आजीच्या पायांवरून घसरला, सतरंजीवर बसला. हातांवर आला. अन् निघाला! सतरंजी संपली, वऱ्हांडा संपला, एका पायरीवरून पोटावर घसरून अंगणात उतरला. तिथं आधीच रांगत उतरलेली परी मातीत बसली होती. सोनू तिच्या शेजारी जाऊन टेकला, कुणाचाही आधार न घेता, अगदी ताठ.

वऱ्हांड्यातला आवाज बंद झाला. गिरजाबाईंनी वळून पाहिलं. आधी आपल्या मोकळ्या पायांकडं, मग अंगणाकडं. उज्ज्वलाचा चेहरा पांढरा पडला.

गिरजाबाई उठल्या. अंगणात गेल्या, अन् आम्हाला वाटलं, उचलणार आता. पण त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. सोनूनं आजीकडं बघून हसत मूठभर माती उचलली अन् सरळ तोंडात कोंबली.

मी ओलं फडकं घेऊन धावले. गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं. डोळे भरून वाहत होते, अन् हसतही होत्या.

"राहू द्या टीचर. मागच्या बारीले मातीनं माह्या नातवाले खाल्लं. आता याले खाऊ द्या तिले."