छातीवरचा बिल्ला

माझा स्वभाव संशयी आहे. लपवून काय करू? दूधवाल्याने माप नीट घातलं तरी मी त्याच्या हाताकडे बघते. भाजीवाली "ताजी हाय" म्हणाली की जुडी उलटी करून मुळं तपासते. तरी लग्नानंतरची सात वर्षं नवऱ्यावर संशय घ्यायला मला कारणच सापडलं नव्हतं. आमचे हे मोठ्या ट्रेलरवर ड्रायव्हर. कारखान्याचे बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, पुलाचे गर्डर असला अवजड माल न्यायचे आणि प्रत्येक ढाब्यावरून फोन करायचे. आज भात कच्चा होता, वरणात मीठ नव्हतं, सगळं सांगायचे. मीच कंटाळून म्हणायचे, "बरं बरं, ठेवा आता."

मग त्यांनी कंपनी बदलली आणि फोन बंद लागायला लागला. एक दिवस नाही, दोन-दोन, तीन-तीन दिवस. विचारलं तर म्हणायचे, "मोबाइल जमा करावा लागतो." कुठे गेलात तर "तिकडंच, वर." काय नेलं तर "ट्रान्सफॉर्मर." बरं, ड्रायव्हर माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा, घामाचा, बिडीचा वास यावा. हे यायचे ते स्वच्छ न्हाऊन, आणि अंगाला आमच्या घरात कधीच न आलेल्या साबणाचा वास. आमची जाऊ शेजारीच राहते. तिला काही सांगावं लागत नाही, तिचं नाकच सांगतं. ती एकदा हसत हसत म्हणाली, "भावजी आजकाल लई चकाचक होऊन येऊन राह्यले गं!" मीही हसले. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मी अंबडला एका एक्स-रे सेंटरमध्ये मदतनीस आहे. वडीगोद्रीहून रोज सकाळी काळीपिवळी जीपने जाते. पेशंटला उभं करायचं, बांगड्या-साखळ्या काढून घ्यायच्या, लहान लेकराला धरायचं, नंबर पुकारायचे, ही माझी कामं. मशीन चालवणारे चाचा तीस वर्षं याच कामात. त्यांच्या खिशाला कायम एक प्लास्टिकचा बिल्ला लावलेला असतो, आगपेटीएवढा, वर नंबर. मशीनचे किरण अंगाला किती लागले त्याचा हिशेब तो बिल्ला ठेवतो, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो, एवढं मला माहीत होतं. असा बिल्ला आमच्या खेड्यात मी एकटीने पाहिलेला असेल.

त्या पौषात आमच्या लेकीला सपाटून ताप आला. चार वर्षांची ती. यांचा फोन बंद, म्हणून मी कंपनीच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी हे जसेच्या तसे, कंपनीच्या शर्टावर घरी हजर. शर्ट बदलून बॅगेत कोंबला आणि लेकीला मांडीवर घेऊन बसले ते ताप उतरेपर्यंत उठले नाहीत. मी तेवढ्यात काय करावं? त्यांची बॅग उघडली. धुवायचे कपडे काढायला म्हणून उघडली, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी बाईचे केस शोधत होते, चिठ्ठी शोधत होते, काहीही शोधत होते. आणि शर्टाच्या खिशात सापडला बिल्ला. डिट्टो चाचांसारखा.

हात तसाच थांबला. ट्रान्सफॉर्मर नेणाऱ्याला हा बिल्ला कशाला? बाई निघाली असती तर मी भांडले तरी असते, हे काय नवीनच! चाचांना विचारावं म्हणून मी तो रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला आणि सोमवारी कामावर घेऊन गेले.

सोमवारपासून आमच्याकडे छाती तपासणीचं शिबिर. गावागावातून माणसं जीप भरभरून येत होती. आमचं सेंटर म्हणजे एक खोली आणि बाहेर बाक. माझी पिशवी रोज टांगते तिथेच टांगली, छातीचा फोटो काढायच्या स्टँडशेजारच्या खुंटीला. सोमवारी चाचांशी बोलायला सवड मिळाली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी बिल्ला काढून त्यांच्यापुढे धरला.

"ये किसका है?" चाचांनी चष्मा वर केला.

"आमच्या ह्यांचा. चाचा, ड्रायव्हरला हा कशाला लागतो?"

"ठेवला कुठं होता?"

"सोमवारपासून तिथं," मी खुंटीकडे बोट केलं. चाचा कपाळाला हात लावून स्टुलावर बसले. "या अल्ला! तीन दिवस? अगं बहन, सगळ्या शिबिराचे किरण याच्यावर गेले. हा बिल्ला आता बोलेल की तुझ्या नवऱ्याने ढीगभर किरण खाल्ले. आज घरी जाऊन बराबर सांग त्याला. ऑफिसात त्याने लगेच कळवलं तर काही बिघडत न्हाई. जल्दी सांग."

सांगणारच होते. खरंच. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता विषय काढला. म्हटलं, थेट कशाला, आधी त्यांनाच विचारू.

"अहो, ह्या नव्या कंपनीत काय नेता तुम्ही?"

"ट्रान्सफॉर्मर. किती खेपा सांगितलं तुला."

माझ्या तोंडावर, लेकीला भाकरीचा तुकडा भरवत, साफ खोटं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्हाला सांगायचं नाही ना, मग मलाही नाही. बिल्ला गुपचूप होता त्या खिशात घातला, आणि गुरुवारी हे निघून गेले. चाचांनी दोनदा विचारलं, "सांगितलं ना?" मी दोन्ही वेळा मान हलवली.

दोन महिन्यांनी यांना मुख्य ऑफिसात बोलावून घेतलं. चार दिवसांनी परतले तेव्हा डिझेलचा वास नव्हता आणि त्या साबणाचाही नव्हता. बॅग उंबऱ्याशीच ठेवली. लेक धावत गेली तर दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "थांब, थांब. जवळ येऊ नको."

मग ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं. अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन ते नेत होते. भट्टीतून काढलं तरी ते आतून धगधगतंच असतं म्हणे. वर्षानुवर्षं पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात, मग जाड पोलादी पिंपात बंद करून दुसऱ्या साठ्यावर हलवतात. पिंप कसलं, आपल्या दोन खोल्यांएवढं, भिंत हातभर जाडीची. पुढे पोलीस, मागे पोलीस, गाडी बैलगाडीच्या चालीने. रस्ता, वेळ, माल, कोणाला काही सांगायचं नाही, बायकोलाही नाही, असं कागदावर लिहून दिलेलं. फोन म्हणून बंद. काम संपलं की तिथेच आंघोळ करून निघायचं, साबण म्हणून वेगळा. माझे सात-आठ महिन्यांचे संशय त्या माणसाने पाच मिनिटांत एकामागून एक उत्तर देऊन संपवले, आणि मी तिथे मनातल्या मनात चुरचुरत बसले.

"मंग आता काय झालं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"माझा बिल्ला लई जास्त दाखवून राह्यला. लेकीच्या तापाला घाईघाईत आल्तो तेव्हा तो तिथं जमा करायचा राहिला, त्याच्यावर बोलणी खाल्लीच. साहेब म्हणतेत, हे एक्स-रेचं वाटतं, एक्स-रेजवळ गेल्ता का? मी न्हाई म्हणलो. गेलोच न्हाई तर काय सांगू? मंग म्हणतेत, काही ड्रायव्हर भरपाईसाठी मुद्दाम बिल्ला खराब करतेत. चौकशी होईपर्यंत गाडीवर बसायचं न्हाई. चूक निघाली तर काढूनच टाकतील."

तिथेच बोलायला पाहिजे होतं. मी चहा टाकायला आत गेले.

हे मात्र त्यांच्या हिशेबाने सरळ होते. मी एक्स-रेजवळ गेलो नाही, मुद्दाम काही केलं नाही, म्हणजे पिंपातूनच काहीतरी अंगात शिरलंय. साहेबांनी त्यांना समजावलं होतं, की किरण लागले तरी ते अंगात साठून राहत नाहीत, दुसऱ्याला तर बिलकुल लागत नाहीत, रक्तही ठीक आलंय. यांचा विश्वास बसला नाही. "काहीच होत न्हाई तर मंग गाडीवरून कामून उतरवलं?" म्हणायचे. त्यांनी आपलं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, अंथरूण ओट्यावर नेलं. जावेला कुणकुण लागली तशी तिने आपली पोरं आमच्या दारात खेळायची बंद केली. पोरं इकडे वळली की हाका मारून परत बोलवायची. मला तिचा इतका राग यायचा! आणि राग कुणाचा यायला पाहिजे होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

असे अकरा दिवस गेले. नुसते गेले नाहीत, मी घालवले. रोज सकाळी वाटायचं आज सांगते, आणि काळीपिवळीत बसले की दुसरा विचार यायचा. कशावरून माझ्या खुंटीमुळेच झालं? कशावरून त्या पिंपातून गळत नसेल? हे साहेब लोक थोडेच खरं सांगतील? संशय माझ्या चांगलाच कामी आला होता. त्याच्याआड मी मजेत लपून बसले होते. चाचांच्या नजरेला नजर देत नव्हते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. हे ओट्याच्या टोकाला पाठ करून बसलेले. लेकीने चोरपावलांनी मागून जाऊन त्यांच्या गळ्याला मिठी मारली. ते असे दचकले की त्यांनी तिला झटकलं. ती ओट्यावरून खाली अंगणात पडली. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. पण ती रडली नाही, हे मला सहन झालं नाही. ती उठून उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "पप्पा, मी हात धुवून आल्ते."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. "बिल्ला मी नेल्ता," मी म्हणाले. "तुम्हाला काही झालेलं न्हाई. मी तुमची बॅग उघडली, बिल्ला सेंटरला नेला, तीन दिवस एक्स-रेच्या खोलीत टांगला. मला तेव्हाच कळलं होतं. चाचांनी सांगितलं होतं सांग म्हणून. मी न्हाई सांगितलं."

मला वाटलं, आता ओरडतील, हात उगारतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लेकीला उचललं, मांडीवर घेतलं, तिच्या कोपराची माती फुंकली आणि तिच्या केसांत तोंड खुपसून रडले.

दोन दिवसांनी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. चाचांनी शिबिराच्या तारखा आपल्या हाताने लिहून दिल्या होत्या. साहेब वयस्कर होते, शांत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि फायलीतून एक कागद काढला.

"आम्ही यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ते मला म्हणाले, "घरात कोणी एक्स-रेच्या कामात आहे का. यांनी लिहून दिलंय, बघा. बायको आहे, पण ती माझ्या बॅगेला हात लावत नाही. आम्ही तुम्हाला बोलावतो म्हणालो, तर बोलावू नका म्हणाले. तिला उगाच संशयाने कशाला विचारायचं, म्हणाले. त्यामुळे तर आम्हाला यांचाच संशय आला."

मी यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांनी छापील फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, बिल्ला कुठे होता, किती दिवस, सगळं मी भरलं. शेवटी एक रकाना होता, बिल्ला तिथे नेण्याचं कारण. मी लिहिलं, "चुकून."

दोन दिवसांत पहिल्यांदा हे माझ्याशी बोलले. "चुकून न्हाई नेला तू. इथं खोटं लिहिलं तर माझं काम जाईल. खरं हाय ते लिही."

मी "चुकून" खोडलं. अक्षर शाळेतल्या पोरीसारखं आलं. लिहिलं, "नवऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून दाखवायला नेला."

साहेबांनी कागद वाचला. यांच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "मजकूर मान्य असेल तर कर्मचाऱ्याची सही इथे."

यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग पेन घेतलं आणि तिच्या खाली सही केली.