काशीरामभाऊंचा आवाज गेल्यावर

आमच्या काशीराम सरपंचांचा आवाज म्हणजे काय सांगू! संगमेश्वराकडच्या आमच्या गावात ग्रामसभा भरली की दुसऱ्या कुणाचं वाक्य पुरं व्हायचं नाही. आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पावसात पऱ्याला पाणी चढलं की आम्ही तिकडेच अडकलेलो. पऱ्यावर साकव बांधा, लहानसा पायपूल तरी, म्हणायला मी उठले की भाऊ गरजायचे, "मालनवहिनी, बसा खाली!" झाला निकाल.

मग त्यांना घशाचा कॅन्सर झाला. मुंबईला नेऊन स्वरयंत्रच काढलं. परत आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल घेऊन. सगळा रुबाब पार उतरला होता.

त्यानंतरच्या सभेत मी उठले. या खेपेला गप्प करायला कुणी नव्हतं. माझी सून शमिका अडली तेव्हा पऱ्या कसा फुगला, तिला घेऊन आम्ही काठावर कसे बसून राहिलो, बाळ कसं हातचं गेलं, सगळं शेवटपर्यंत बोलले. भाऊ रडत होते. रडण्याला आवाज नाही, नुसता रुमाल हलत होता. मेलं, मला त्यांचा राग धरवेना.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस साकवाच्याच मागे लागला. बायकोला, मथुराला, घेऊन एसटीनं रत्नागिरीला जायचे. ते पाटीवर लिहायचे, ती साहेबांना वाचून दाखवायची. साहेब घड्याळ बघायचे. तरी एकदाचे मोजणीवाले येऊन गेले.

एवढ्यात निवडणूक आली. समोर विनीत, माईकवरचा पोपट! आमच्याच वाडीतले बाप्ये म्हणाले, "मुका माणूस साकव काय आणणार? बोलणारा पाहिजे." मी कानीकपाळी ओरडले. आमच्या ह्यांनीसुद्धा विनीतलाच मत दिलं. भाऊ पडले. विनीतनं साकवावर फर्मास भाषण ठोकलं नि काम होतं तिथंच राहिलं.

भाऊंचं दुखणं पुन्हा उलटलं. श्रावणात गेले. फोन आला तेव्हा पऱ्या दुथडी भरून वाहत होता. वाडीतले बाप्ये खांदा द्यायला म्हणून निघाले आणि काठावरच थांबले. पलीकडून तिरडी चालली होती. मोजकीच माणसं. मथुरानं एकदा आमच्याकडे बघितलं.

आमचे हे रडायला लागले. मी म्हटलं, "आता का रडताय? बोलणारा निवडलात ना? सांगा त्याला, पलीकडे ने म्हणावं."

तिरडी वळणाआड गेली तरी आम्ही तिथंच भिजत उभे होतो.